मोजणीसाहेबांची चासी

मोजणीसाहेबांची अक्कलदाढ दुखली नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं. दाढ दुखली म्हणून ते घरासमोरच्या दातांच्या डॉक्टरांकडे गेले, डॉक्टरांनी थांबायला सांगितलं म्हणून त्यांनी तिथलं एक कोपरे दुमडलेलं मासिक उघडलं, आणि मधल्याच पानावर ती गाडी होती. साठ-सत्तर वर्षांपूर्वीची, फुगीर मडगार्डांची, पण नाक जमिनीला टेकायला आलेलं, मागची चाकं जाडजूड आणि एकंदर आविर्भाव असा की आत्ता निघाली की कोणाच्या बापाचं ऐकायची नाही. खाली लिहिलं होतं की जुन्या गाडीची फक्त बॉडी ठेवायची आणि खालची चासी, म्हणजे सगळा भार पेलणारा लोखंडी सांगाडा, नवा बनवायचा. तोही घरच्या घरी. ‘घरच्या घरी’ हे शब्द वाचले आणि मोजणीसाहेबांची दाढ दुखायची थांबली. डॉक्टरांनी ती तरीही काढली. पुढे जे झालं त्याला ती काढलेली दाढ जबाबदार आहे असं गल्लीत बरेच दिवस बोललं जात होतं, पण तो डॉक्टरांवर अन्याय आहे.

गाडी शोधायला लांब जायचं नव्हतं. ती अंगणातच होती. मोजणीसाहेबांच्या सासऱ्यांची गाडी, खरं तर गाडीची बॉडी, वर्षभर त्यांच्या अंगणात विटांवर बसून होती. खालची चासी इतकी गंजली होती की बोट दाबलं तर आरपार जाई, म्हणून ती केव्हाच काढून टाकली होती. कागदोपत्री गाडी सासऱ्यांच्या पश्चात मेहुण्याच्या नावावर होती, आणि मेहुणा एका मोठ्या गोदामाचा व्यवस्थापक असल्यामुळे कुठलीही वस्तू विनाकारण जागा अडवून बसलेली पाहिली की त्याच्या अंगावर पित्त उठत असे. त्याच आठवड्यात त्याचा फोन आला होता.

“ताई, महिनाअखेरच्या रविवारी मी भंगारवाल्याचा टेम्पो घेऊन येतोय. आता पुरे झालं. स्वतःच्या चाकांवर नाक्यापर्यंत जाऊन परत येत असेल तर ठेव बाई तुझ्याकडे, मी कागद तुझ्या नावावर करून देतो. नाहीतर रविवारी ती जाणार.”

मोजणीसाहेबांची बायको शिवणाचा क्लास चालवायची. गल्ली तिला बाई म्हणे. बाईंनी फोन ठेवला, नवऱ्याला एका वाक्यात निरोप सांगितला, आणि त्या दुपारी शिवणयंत्राच्या चार सुया मोडल्या. पंचवीस वर्षांत त्यांची सुई कधी मोडली नव्हती. मोजणीसाहेबांना बायकोचं रडणं सोसत नसे, आणि न रडणं तर त्याहून नाही. चार सुया त्यांनी केराच्या डब्यात पाहिल्या आणि दाढेच्या जागी कापूस धरूनच जाहीर केलं की चासी आपण बनवू.

“तुम्ही?” बाई म्हणाल्या.

“का? चासी म्हणजे काय? दोन उभ्या, पाच आडव्या. सगळा खेळ मापाचा. आणि माप हा माझा विषय आहे.”

यात खोटं काही नव्हतं. जमीन मोजणीच्या कचेरीत त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. लोकांच्या हद्दी, लोकांचे बांध, लोकांची भांडणं, सगळं त्यांनी बोटाबोटाच्या हिशेबाने मोजलं होतं. सात महिन्यांपूर्वी ते निवृत्त झाले आणि मोजायला काही उरलं नाही. मग त्यांनी घर मोजलं. स्वयंपाकघर एका बाजूला अर्ध्या बोटाने तिरकं आहे हे शोधून काढलं आणि ते जेवताना रोज सांगितलं. खुर्चीवर बसले की दोन मिनिटांत उठत, उठले की कशासाठी उठलो ते विसरत, मग ते आठवण्यासाठी पुन्हा बसत. क्लासच्या बायका यंत्र चालवताना त्यांच्या फेऱ्या मोजत असत. त्यामुळे चासीचं ऐकून बाईंनी फार विरोध केला नाही. निदान माणूस एका जागी तरी राहील, असा त्यांचा भाबडा समज होता.

कायद्याचं पाऊल आधी, म्हणून मोजणीसाहेब दुसऱ्या दिवशी वाहनांच्या कचेरीत गेले. खिडकीतल्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, “चासी नंबर?”

“चासी अजून व्हायची आहे. बनवायची परवानगी हवी होती.”

“बनवायला परवानगी लागत नाही. बनवल्यावर ती का बनवली, याची लागते.”

“बरं. मग नंबर कोण देतं?”

“आम्ही. गाडी इथे आणलीत की.”

“आणि नंबर नसताना गाडी रस्त्यावर आणता येते?”

“छे,” कारकून म्हणाला. त्याला यात काही अवघड दिसलं नाही. “शिवाय मोजमापाचा दाखला जोडा.”

इथे मोजणीसाहेब खुलले. त्यांनी खिशातून पेन काढलं, आपण कोण आहोत ते सांगितलं, आणि दाखला आपणच देतो म्हणाले. कारकून म्हणाला, “स्वतःच्या वस्तूची मोजणी स्वतःला करता येत नाही. तुमच्याच खात्याचा नियम आहे.”

हे वाक्य मोजणीसाहेबांनी चौतीस वर्षं लोकांना ऐकवलं होतं, याच सुरात, अशीच मान खाली घालून. खिडकीच्या या बाजूने ते कसं लागतं याची त्यांना कल्पना नव्हती. त्यांनी हळू आवाजात विचारलं की मग नाक्यापर्यंत नेऊन आणायची असेल तर काय करायचं. कारकुनाने पहिल्यांदा वर पाहिलं. “इंजिन आहे?” “नाही.” “मग ढकलत न्या. ढकलायची ती हातगाडी. हातगाडीचा फॉर्म आमच्याकडे नसतो.” आणि अर्जाच्या कोपऱ्यात त्याने ‘लोखंडी सामान’ असा शेरा मारून तो परत केला.

लोखंडी सामान हा शब्द मोजणीसाहेबांच्या जिव्हारी लागला. घरी येईपर्यंत त्यांनी तो अनेकदा पुटपुटला, आणि आल्या आल्या हॉलमधलं सगळं सामान भिंतीला लावलं. बाईंनी क्लासचा खाकी कागद फरशीवर अंथरला. बॉडीच्या तळाला दोन्ही बाजूंनी तीन-तीन लोखंडी कान होते. त्या कानांत बोल्ट घालून बॉडी चासीच्या दोन उभ्या दांड्यांवर आवळायची. म्हणजे कान जिथे येतात बरोबर तिथे दांड्या यायला हव्यात. पण तळ मोजायला गाडीखाली सरपटत जावं लागणार, आणि मोजणीसाहेबांचं पोट विटांच्या उंचीत मावत नव्हतं. म्हणून टेप घेऊन बाई गेल्या. मोजणीसाहेब बाहेर पालथे पडून “बरोबर मधोमध धर”, “टेप ताणू नको”, “ताण, ताण” अशा सूचना देत होते. बाईंनी बाहेर येऊन, अंगावरची माती झटकून, हॉलमधल्या कागदावर चासी आखली आणि ब्लाउज कापावा तशी सर्रकन कापली. त्यांना कशालाही आधी बेत, म्हणजे नमुना, म्हणून कागद कापायची इतकी सवय होती की पंधरा मिनिटांत काम झालं.

आता गल्ली जागी झाली. दातांचे डॉक्टर दोन पेशंटांच्या मधल्या वेळात पांढऱ्या कोटातच यायचे. “साहेब, हे आमच्या दातांच्या ब्रिजसारखंच आहे. सगळा भार दोन्ही टोकांच्या दाढांवर. मधे कितीही सुंदर करा, टोकं हलली की संपलं.” मग ते आडव्या दांड्यांना बोटाने टकटक करून पाहत, आणि मोजणीसाहेबांना आपल्याला कुठे दुखतंय ते सांगावंसं वाटे. डॉक्टरांचा यात जीव गुंतायला कारणही होतं. चासी जोडायला बोलावलेल्या वेल्डरने पहिल्या दिवशी यंत्र लावलं आणि गल्लीतली वीज गेली. समोर डॉक्टरांची खुर्ची पेशंटसकट अर्धी आडवी होऊन थांबली. तो गृहस्थ तोंड उघडं ठेवून पाऊण तास छताकडे बघत होता, आणि त्यानंतर बरेच दिवस मोजणीसाहेबांना पाहिलं की तो रस्ता बदलायचा.

वेल्डर कमी बोलणारा माणूस होता. काम पाहून नुसता “हं” म्हणायचा, आणि त्या “हं”मध्ये होकार आहे की सहानुभूती, ते कळत नसे. मोजणीसाहेब त्याच्या भोवती घिरट्या घालत. त्याने ठिणगी पाडली की हे दचकत, थांबवली की “काय झालं?” विचारत. त्याने एक दांडी खाली ठेवली की हे ती उचलून तिथेच ठेवत. दिवसातून सहा-सात वेळा कॅलेंडरापाशी जाऊन रविवार कधी आहे ते पाहत, जणू मधल्या वेळात तो कोणी पुढे सरकवला असेल. रविवारी गाडी नेताना आपण कसे दिसू याचाही विचार त्यांनी केला होता. एक चपटी टोपी आणली होती आणि कपाटाच्या आरशासमोर हवेतलं स्टिअरिंग फिरवताना क्लासच्या दोन बायकांनी त्यांना पाहिलंही होतं. शेवटी वेल्डर म्हणाला, “साहेब, तुम्ही जरा फिरून या.” ही त्याची त्या आठवड्यातली सगळ्यात लांब ओळ होती.

बुधवारी चासी झाली. भंगारातून आणलेले दोन अॅक्सल लागले, चार चाकं लागली, पुढचं नाक मासिकातल्या गाडीसारखं खाली आलं. रविवारला चार दिवस होते आणि फक्त बॉडी उचलून वर ठेवायची होती. क्रेन अंगणात शिरत नव्हती. तेव्हा बाईंनी क्लासमध्ये नुसतं “जरा बाहेर या गं” म्हटलं, आणि बारा बायका पदर, ओढण्या खोचून उभ्या राहिल्या. दारं, काचा, सीट काढलेली बॉडी त्यांनी डॉक्टरांच्या मदतीने उचलली. डॉक्टरांची मदत मुख्यतः “सांभाळून, सांभाळून” म्हणण्याची होती. चासी खाली ढकलली, बॉडी वर आली, आणि मोजणीसाहेब बोल्ट हातात घेऊन खाली वाकले.

डाव्या बाजूचे तिन्ही कान दांडीवर बसले. उजव्या बाजूचे तिन्ही कान हवेत होते. दांडी त्यांच्या दोन इंच पलीकडे होती.

“साहेब, लवकर बोला,” क्लासमधली एक म्हणाली.

मोजणीसाहेबांनी बॉडी उजवीकडे सरकवायला लावली. आता उजवे कान बसले आणि डावे हवेत गेले. त्यांनी ती तिरकी करायला लावली. मग सगळेच हवेत गेले. बारा बायका, डॉक्टर आणि सासऱ्यांची गाडी अंगणात एक पाऊल इकडे, एक पाऊल तिकडे करत राहिली, आणि शेवटी बाईंनीच ती पुन्हा विटांवर ठेवायला सांगितली.

“माझं माप चुकणार नाही,” मोजणीसाहेब म्हणाले. आवाज त्यांना वाटलं त्याहून मोठा निघाला. “चौतीस वर्षं मी...”

“हं,” वेल्डर म्हणाला. “माझंही नाही. तुम्ही दिलेल्या मापाप्रमाणे आहे. लोखंड तापून निवलं की आखडतं, म्हणून अर्धा इंच जास्त धरला. तो सगळेच धरतात.”

“म्हणजे तुम्हीही?” मोजणीसाहेब म्हणाले, आणि म्हणाल्यावर त्यांना वाटलं की हे बोलायला नको होतं. सगळे त्यांच्याकडे पाहायला लागले. “आता कागद फरशीवर पडून चुरगळतो, आत येतो. म्हणून मी तुम्हाला माप देताना अर्धा इंच वाढवून दिलं. सरळ गोष्ट आहे.”

बाई तडक वळल्या. त्या घरात गेल्या, खाकी कागदाचा बेत घेऊन आल्या, त्याच्या कडेवरून बोट फिरवलं आणि खाली बसल्या. “माझी माया राहिली आहे,” त्या म्हणाल्या. “दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच. शिलाईत जाते ना, म्हणून माया ठेवतोच आम्ही. पंचवीस वर्षं ठेवते आहे. हात आपोआप गेला असणार.”

अर्धा वेल्डरचा, अर्धा साहेबांचा, एक बाईंचा. दोन इंच बरोबर जुळले. या एका बाबतीत माप चोख निघालं. कोणी आळस केला नव्हता, कोणी फसवलं नव्हतं. प्रत्येकाने पुढच्याचं काम नीट व्हावं म्हणून आपल्या परीने जास्तीचं सोडलं होतं, आणि कोणी ते दुसऱ्याला सांगितलं नव्हतं. गल्लीने मात्र ‘दिव्याखाली अंधार’ हीच म्हण उचलली आणि ती मोजणीसाहेबांच्या कानावर पडेल अशा बेताने दिवसभर वापरली.

मोजणीसाहेब बॉडीच्या आत, जिथे सीट असायला हवी होती तिथे, मांडी घालून जाऊन बसले आणि चक्क दोन तास उठले नाहीत. क्लासच्या बायकांना हे फेऱ्यांपेक्षा भयंकर वाटलं. बाई चहा घेऊन आल्या आणि खिडकीच्या भोकातून कप आत दिला.

“मला वाटलं होतं, तुझ्यासाठी एक गोष्ट तरी नीट करीन,” ते म्हणाले. “जमलं नाही गं. रविवारी नेणार तो तिला.”

“नेतोय कशाला? चहा प्या आधी.” बाई खिडकीला टेकल्या. “छोटं झालं असतं तर मी रडत बसले असते. कमी पडलेलं कापड कुठून आणायचं? हे तर मोठं झालंय. मोठं झालेलं मी रोज आत घेते.”

पाचही आडव्या दांड्या मधोमध कापायच्या, प्रत्येकीतले दोन इंच काढून टाकायचे आणि पुन्हा जोडायच्या. बाईंनी शिवणाच्या खडूने स्वतः खुणा केल्या. मोजणीसाहेबांना टेपला हात लावायची बंदी झाली. त्यांनी ती निमूटपणे पाळली, फक्त वेल्डरसाठी लावलेला पंखा तेवढा दोन वेळा सरळ केला. डॉक्टरांनी दोन दुपारी दवाखाना बंद ठेवला, कारण वीज एकालाच पुरत होती. “दाढा कुठे पळून जातायत?” ते म्हणाले. गुरुवार, शुक्रवार त्यात गेले. शनिवारी बारा बायकांनी पुन्हा बॉडी उचलली. सहाही कान दांड्यांवर बसले आणि बोल्ट हाताने फिरत आत गेले. वेल्डर “हं” म्हणाला, आणि या वेळी त्याचा अर्थ सगळ्यांना कळला. मग दारं लागली, स्टिअरिंग जोडलं गेलं. ब्रेकची नळी मात्र संध्याकाळी यायची ती आलीच नाही.

रविवारी मेहुणा टेम्पोसकट आला. अंगणात गाडी चार चाकांवर उभी पाहून तो दारातच थबकला. त्याने एक फेरी मारली, खाली वाकून पाहिलं, आणि गोदामातल्यासारखी तपासणी सुरू केली.

“इंजिन कुठाय?”

“अट चाकांची होती,” मोजणीसाहेब टोपी सरळ करत म्हणाले.

“ब्रेक?”

“ब्रेकचं मी बघतो,” डॉक्टर म्हणाले. त्यांच्या हातात वीट होती.

मेहुण्याला हसू आलं, पण त्याने ते दाबलं. ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराचं हँडल त्याने धरलं. “बाबा मला मांडीवर घेऊन हे स्टिअरिंग धरायला द्यायचे,” तो म्हणाला. “मग पाय पुरायला लागल्यावर मैदानात रोज संध्याकाळी शिकवायचे. आठवतं ना गं ताई?”

“आठवतं की. मी मागे बसायचे,” बाई म्हणाल्या. “आणि घरी आलं की गाडी मी धुवायची. एकदा विचारलं होतं मी, मला धरू द्याल का म्हणून. म्हणाले, तुला काय करायचंय.”

हे मोजणीसाहेबांनी तीस वर्षांच्या संसारात कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, उलटसुलट करून पाहिली, आणि ती डॉक्टरांच्या हातातल्या विटेवर ठेवून दिली. मग मेहुण्याला हळूच बाजूला सारून दार उघडलं.

“बस,” ते बायकोला म्हणाले.

“मला येत नाही.”

“मलाही कुठे येतं? बस तू.”

बाई बसल्या. त्यांनी साडी नीट केली आणि यंत्रासमोर बसतात तशा ताठ होऊन दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं. मोजणीसाहेब, डॉक्टर, वेल्डर आणि टेम्पोवाल्याने मागून रेटा दिला. गाडी फाटकातून बाहेर पडली, आणि गल्ली नाक्याकडे उतरती आहे हे सगळ्यांना एकदमच आठवलं. चार पावलांतच ढकलणाऱ्यांचे हात रिकामे झाले. डॉक्टर वीट घेऊन धावले, पण वीट चाकाखाली घालायला चाकाच्या पुढे जावं लागतं, आणि चाक त्यांच्या पुढे होतं. मोजणीसाहेब “वळव, नको वळवू” असं ओरडत पळत होते. बाईंना ते ऐकू गेलं नाही, हे बरंच झालं. त्यांनी दुधाच्या गाडीला वळसा घातला, उभ्या सायकलींच्या रांगेला धक्का न लावता नाका गाठला, आणि तिथे बांधकामासाठी टाकलेल्या वाळूच्या ढिगात पुढची दोन्ही चाकं सरळ रेषेत घालून गाडी थांबवली.

सगळे धापा टाकत पोचले. “लागलं का?” मोजणीसाहेबांनी विचारलं. बाईंनी मान हलवली. त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि स्टिअरिंग काही त्यांनी सोडलं नव्हतं.

मेहुणा सगळ्यांच्या शेवटी आला. कमरेवर हात ठेवून त्याने आधी चढ पाहिला, मग घर पाहिलं. “जाऊन परत यायचं ठरलं होतं, ताई,” तो म्हणाला.

“हो ना,” बाई म्हणाल्या. “मग ढकला.”

भंगाराचा टेम्पो रिकामाच नाक्यावर जाऊन उभा राहिला. वाळूतून ओढून गाडीचं नाक घराकडे वळवल्यावर मेहुण्याने शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि मोजणीसाहेबांच्या शेजारी मागच्या मडगार्डाला खांदा लावला. चढ मोठा होता. अर्ध्या वाटेवर त्याने खालच्या आवाजात म्हटलं, “भाऊजी, बाबांनी एकदा तरी तिला धरू द्यायला हवं होतं. मी तरी म्हणायला हवं होतं.” मोजणीसाहेबांनी आणखी जोर लावला.

तेवढ्यात बाईंनी खिडकीतून मान बाहेर काढून मागे भावाकडे पाहिलं.

“दमलास का रे? थांब थोडं हवं तर,” त्या म्हणाल्या. “मला काही घाई नाही.”